पंप वाढवलेला ट्रॅक्टर डायनोवर लावायचा का?



गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकाच गोष्टीवरून वाद चालू होता. ट्रॅक्टर गाडीवर घालून पुण्याकडे न्यायचा आणि डायनोवर लावून त्याची खरी ताकद मोजायची का? पुतण्या म्हणत होता लावायचाच. मी म्हणत होतो कशाला. काल एकदाचा निकाल लागला, म्हणून आज लिहायला बसलोय. ज्यांच्या ट्रॅक्टरचा पंप "वाढवलेला" आहे, किंवा ज्यांच्या घरात पोरं वाढवू म्हणून मागं लागलीत, त्यांनी जरा सवडीनं वाचा.

आधी हकीकत सांगतो. आमचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, तीन सिलिंडरचा, साध्या मेकॅनिकल पंपाचा. रानात नांगरट, रोटा, पेरणी, आणि कारखाना सुरू झाला की दोन ट्रॉल्या लावून ऊस. गेल्या हंगामाच्या तोंडाला पुतण्यानं मला न विचारता एका मिस्त्रीकडून पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेतलं. सोबत गव्हर्नरचा स्क्रू फिरवून वरचे आरपीएमही वाढवले. मला कळलं ते धुरावरून. सकाळी गोठ्यापाशी उभा होतो, ट्रॅक्टर चढाला लागला आणि काळा लोट असा निघाला की म्हशीनं मान फिरवली.

पोरालाच दोष देऊन भागत नाही. त्याचं गणित साधं होतं. ऊसवाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ५५-६० एचपीवाले चढाला हॉर्न मारून पुढं जातात आणि आपण पहिल्या गिअरमध्ये कण्हत राहतो. मोठा ट्रॅक्टर घ्यायचा तर नवा हप्ता. मिस्त्री म्हणतो, थोडक्यात काम होतंय, ४५ चा ५८ करून देतो. वीस-बावीस वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे?

आणि ओढत होता बरं का. चढाला एक गिअर वरचा चालत होता. पारावर चर्चा झाली, पैजा लागल्या. कुणी म्हणालं ५८ झाला, कुणी म्हणालं नुसता धूर झाला. तिथून डायनोची टूम निघाली. "काका, एकदा पावती हातात आली की सगळ्यांची तोंडं बंद."

डायनो म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरच्या पीटीओला शाफ्ट लावून तो एका ब्रेकच्या यंत्राला जोडतात. यंत्र हळूहळू ब्रेक आवळत जातं. इंजिन किती आरपीएमवर किती पीळ, म्हणजे टॉर्क देतंय ते मोजलं जातं. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे ताकद. पीटीओ ५४० फेऱ्यांवर असताना ४० एचपी मिळत असेल, तर शाफ्टवर सव्वापाचशे न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ असतो. इंजिनावर ४५ लिहिलेलं असलं तरी पीटीओवर ४५ मिळत नाही, गिअरमध्ये काही खर्ची पडतं. हे माहीत नसल्यामुळं पावती बघून भांडणारे लोकही आहेत.

ही मोजणी सुरू झाली ती शेतकऱ्यासाठीच. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याला जाहिरातीतला ट्रॅक्टर शेतात फसवा निघाला. पुढं तो आमदार झाला आणि १९१९ मध्ये कायदा करून घेतला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठात चाचणी द्यायची, आणि निकाल लोकांपुढं ठेवायचा. आपल्याकडं हे काम मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची संस्था करते. त्यांच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, ताशी डिझेल, ओढ, ब्रेक, आवाज असं सगळं पानापानानं दिलेलं असतं. ट्रॅक्टर घेण्याआधी आपण रंग, सीट आणि गाण्याचा डबा बघतो, हा अहवाल वाचत नाही.

म्हणजे डायनो वाईट नाही. माझी अडचण वेगळी होती, आणि ती मला नीट सांगता येत नव्हती. कृषी अभियांत्रिकी शिकवणारे एक ओळखीचे साहेब आहेत, त्यांना फोन लावला. त्यांनी ना लावा म्हणलं ना नको म्हणलं. एवढंच विचारलं, "आकडा आल्यावर काय करणार ते ठरलंय का?"

रात्री जेवणं झाल्यावर पुतण्याला समोर बसवलं. वहीत दोन रकाने पाडले. म्हणलं, समज ५८ आले. काय करशील?

"मग काय, ट्रॉलीत जरा जास्त भरायला हरकत नाही. पुढच्या हंगामात टर्बोचं बघू."

बरं. समज ४८ च आले?

थोडा थांबला. "मग मिस्त्रीनं फसवलं. स्क्रू अजून अर्धा पिळून घ्यावा लागंल."

मी दोन्ही रकाने त्याच्यापुढं सरकवले. आकडा जास्त आला तरी बोजा वाढणार आणि कमी आला तरी डिझेल वाढणार. तराजूचा काटा कुठंही गेला तरी भाव तोच राहणार असेल, तर वजन करायचं कशाला? पोरगं काही बोललं नाही, पण वही त्यानं मिटली नाही.

आता जानेवारीतली गोष्ट सांगावी लागते. पुतण्यानं ती मला सांगितलीच नव्हती, टोळीच्या मुकादमानं सांगितली. रात्री अकराचा सुमार, दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या, नाल्याच्या पुलाकडं उतरणारा रस्ता. आरपीएम वाढवल्यामुळं ट्रॅक्टर त्याच गिअरमध्ये पूर्वीपेक्षा जोरात पळत होता. पुढं उसाची बैलगाडी, मागं दिवा नाही, वर उसाच्या भाऱ्यावर एक बाई आणि तिचं लेकरू. यानं ब्रेक दाबला, ट्रॅक्टर दबला, पण मागच्या ट्रॉल्या दबल्या नाहीत. ट्रॉल्यांना ब्रेक कुठला! त्यांनी ट्रॅक्टरला ढकलत नेला, मागची चाकं वाकडी सरकली, एक चाक रस्त्याखाली उतरलं म्हणून थांबला. बैलगाडीपासून दोन-अडीच हातांवर. मुकादम म्हणाला, "मालक, पोराला जरा सांगा. आमची माणसं रात्रीची याच रस्त्यानं असतात."

मिस्त्रीनं पंप वाढवला. ब्रेक, क्लच, पुढचा एक्सल, ट्रॉलीचा हूक हे सगळं होतं तिथंच राहिलं. वेग २५ वरून ३० किलोमीटर झाला तर पाचाचाच फरक दिसतो, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, ती ४४ टक्के जास्त होते. पीटीओवरची पावती हे सांगणार नव्हती. आणि इतकं करून कमावलं काय? वाटेत वाचलेली वीस मिनिटं कारखान्याच्या यार्डात नंबर लावून बसण्यातच जातात. गव्हाणीपुढं ५८ एचपीवालाही रांगेतच असतो.

मग ठरवलं, पुण्याला जायच्या आधी घरच्या रानात मोजू. खर्च शून्य. काळ्या रानात, त्याच पलटी नांगरानं, तेवढ्याच खोलीवर एक एकर. पद्धत सोपी आहे. सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरायची, एकर नांगरायचा, परत त्याच जागी उभा करून मापानं टाकी भरायची. जेवढं बसलं तेवढं जळालं. माझ्या जुन्या वहीत पंप वाढवायच्या आधीची नोंद होती: एकरी साडेआठ लिटर, १ तास ४० मिनिटं. आता दहा लिटर लागलं, दीड तासात. म्हणजे दहा मिनिटांसाठी दीड लिटर जास्त.

मग पुढचा प्रश्न, वाढलेली ताकद जाते कुठं? मागच्या टायरला चुन्यानं खूण केली. नांगर उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर ४१ मीटर गेला. नांगर लावून दहा फेऱ्यांत ३३ मीटर. म्हणजे जवळपास २० टक्के चाक जागेवरच फिरतंय. नांगरटीत १० ते १५ टक्के स्लिप चालून जाते, त्याच्यापुढं गेलं की आपण डिझेल जाळून टायर झिजवतोय असं समजायचं. ट्रॅक्टर ओढतो तो मागच्या चाकावरच्या वजनानं आणि टायरच्या पकडीनं. इंजिनात कितीही जोर असला आणि चाक रान धरत नसेल, तर तो जोर मातीत विरतो. पंपाचा स्क्रू फिरवून वजन वाढत नाही.

धुराचंही समजून घ्या. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल दोन्ही कमी-जास्त होतात. साध्या डिझेल इंजिनात टर्बो नसेल तर हवा दर फेरीला मावेल तेवढीच आत येते, आपण फक्त डिझेल कमी-जास्त करतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि प्रत्यक्षात साफ जळायला त्याहून बरीच जास्त. हवा तीच ठेवून डिझेल वाढवलं की आधी थोडी ताकद वाढते, मग नुसता काळा धूर वाढतो. धाराशिवची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे किनाऱ्यापेक्षा इथली हवा मुळातच थोडी विरळ, वैशाखाच्या उन्हात आणखी विरळ. जास्तीच्या डिझेलची उष्णता पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, हेड गॅस्केटवर बसते. पाण्याचा काटा हिरव्यात असला म्हणून आत सगळं बरं आहे असं समजू नका. पाण्याचा काटा पाण्याचंच तापमान दाखवतो, पिस्टनचं नाही.

म्हणूनच वाढवलेल्या पंपावर डायनो लावायला मी तयार नव्हतो. डायनोवर इंजिन पूर्ण बोजाखाली राबतं, तिथं घाटाचा उतार येत नाही की बांधावर वळताना श्वास घ्यायला मिळत नाही. हंगामभर भाजून निघालेलं इंजिन भर उन्हाळ्यात तसं राबवायचं, आणि तेही एक पैज जिंकायला?

शिवाय कायदा आहे. आरसी बुकातल्या नोंदी बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या दर फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या माणसानं विचारलं, तर "४५ चा ५८ केला" ही पावती म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध लिहून ठेवलेला कागद.

मागच्या आठवड्यात पंप उतरवून कॅलिब्रेशन बेंच असलेल्या दुकानात नेला. बेंचवर पंप मोटरनं फिरवतात आणि ठरावीक फेऱ्यांत प्रत्येक लाईनमधून किती डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत मोजतात. पुतण्या शेजारीच उभा होता. तिन्ही नळ्या भरत गेल्या आणि तिसरी बाकीच्या दोघींच्या वर गेली. मिस्त्रीनं कानावर आणि धुरावर सेटिंग केलं होतं, त्यात एक सिलिंडर जास्तीचं पीत होता आणि इतर दोघं त्याच्या मागं ओढत होते. पोराचं तोंड तिथं उतरलं. मी इतके दिवस बोललो त्यानं झालं नाही ते तीन नळ्यांनी केलं.

पंप कंपनीच्या मापावर आणला, नोझलचं प्रेशर तपासलं, गव्हर्नर जागेवर, सील लावून घेतलं. मग परत तेच रान, शेजारचा एकर, तोच नांगर. वेळ १ तास ४२ मिनिटं. धूर जवळपास नाही. स्लिपही कमी. पण डिझेल? नऊ लिटर. जुन्या वहीपेक्षा अर्धा लिटर जास्त.

इथं गोष्ट उलटली बघा. हा अर्धा लिटर कुणाचा? फाळ झिजलाय म्हणून? यंदा रान जास्त वाळलंय म्हणून? का हंगामभर जास्त डिझेल पाजल्यामुळं रिंगा-व्हॉल्व्ह गेलेत आणि दाब गळतोय? रानात मोजून हे वेगळं काढता येत नाही, कारण रानात माती, फाळ, टायर, ड्रायव्हर सगळे मध्ये येतात. डायनोवर माती नसते. तिथं फक्त इंजिन आणि डिझेल. बुदनीच्या अहवालात आपल्या मॉडेलचा पीटीओचा आकडा आणि ताशी डिझेल आहे. आपल्या ट्रॅक्टरचा आकडा त्याच्याशेजारी ठेवला की कळेल, इंजिन निरोगी आहे का खालून हललंय.

परत तेच दोन रकाने पाडले. आकडा अहवालाच्या जवळ आला, तर इंजिन सोडून द्यायचं आणि फाळ बदलायचे. बराच कमी आला, तर कॉम्प्रेशन तपासून पावसाळ्यात इंजिन उघडायचं, म्हणजे हंगामात ट्रॉलीसकट रस्त्यात उभं राहायची वेळ येणार नाही. या वेळी दोन्ही रकान्यांत वेगवेगळं लिहिलं गेलं. म्हणून काल ठरलं: डायनोवर लावायचा, मृगाच्या आधी. पंप वाढवलेला असताना मी नको म्हणत होतो, आता मीच चला म्हणतोय.

ज्यांना लावायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी:

१. आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ऑइल, रेडिएटरची जाळी साफ. कुलंट आणि फॅनबेल्ट बघा. घाण फिल्टर घेऊन गेलात तर फिल्टरचाच आकडा मिळेल.

२. इंजिन चांगलं गरम झाल्यावरच मोजणी. मोजताना पीटीओ शाफ्टवर गार्ड पाहिजे, आणि शाफ्टच्या रेषेत किंवा शेजारी कुणी उभं राहायचं नाही. उपरणं, सैल शर्ट, ओढणी लांब.

३. नुसता वरचा आकडा घेऊन येऊ नका. कोणत्या आरपीएमला किती टॉर्क, याची पूर्ण रेघ मागा. बोजा आल्यावर आरपीएम पडताना टॉर्क वाढतो का, हे नांगरटीला जास्त कामाचं. ताशी डिझेलही मोजून मागा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते, पीटीओवर त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळाली तरी चांगलं.

४. धूर, तापमान किंवा आवाज बदलला तर तिथंच थांबवा. पैसे भरलेत म्हणून पुढं रेटू नका.

आणि ५० एचपीच्या वरचे, २०२३ नंतरचे ट्रेम-४ चे ट्रॅक्टर असतील तर त्यात स्क्रू नाही, कॉम्प्युटर आहे. त्यालाही "मॅप" बदलून देणारे भेटतील. हवा, ब्रेक आणि टायर यांचा हिशेब तिथंही हाच.

एक खर्च मात्र डायनोच्या आधी केला. दोन्ही ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर आणि दिवे लावले, आणि ट्रॉलीला ब्रेक बसवायचं माप देऊन आलो. मुकादमाला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षी तुमच्या बैलगाड्यांना लावायला पट्ट्या माझ्याकडून.

पुतण्या अजून पूर्ण पटलाय असं म्हणणार नाही. पारावर अजून चेष्टा होते, पंप कमी केला म्हणून. पण काल रात्री मोबाईलवर आमच्या मॉडेलचा अहवाल काढून बसला होता. मला वाटलं एचपीचं पान शोधतोय. थोड्या वेळानं म्हणाला, "काका, यात ब्रेकची चाचणी पण केलीय. किती अंतरात थांबला ते लिहिलंय. पण ही नुसत्या ट्रॅक्टरची हाय. ट्रॉल्या लावून केल्यावर किती येईल?"

म्हणलं, जानेवारीत तू केलीस की ती चाचणी.

गप झाला. मग स्वतःच म्हणाला, "पाणी पडायच्या आधी ब्रेक बसवून घेऊ."

डायनोचा आकडा आला की इथंच लिहीन, जास्त आला तरी आणि कमी आला तरी. तुम्ही पंप वाढवला असेल आणि एकरी डिझेल मोजलं असेल, तर तुमच्या वहीतली नोंद सांगा. मोजलं नसेल, तर नांगरट चालू आहे तोवर एक एकर मोजून बघा.

राम राम.